एक सोडून एक धागा

टोपी टेबलावर ठेवल्यावर बराच वेळ तिला हात लावायचा नाही, अशी शिस्त मी स्वतःला लावून घेतली होती. आधी नुसते बघायचे. हात लागला की मन वस्तूच्या बाजूने झुकते, आणि बाजू घेतलेल्या माणसाने वर्णन लिहू नये.

आमच्या लिलावघरात जुन्या सैनिकी वस्तू येतात: टोप्या, पट्टे, बिल्ले, म्याने, क्वचित एखादा ढोल. घेणारे संग्राहक दूरदूरच्या गावांतले असतात. ते वस्तू हातात घेऊन बघत नाहीत. चार छायाचित्रे बघतात आणि खाली लिहिलेले वाचतात. म्हणून वर्णनातला शब्द चुकला तर तो वस्तूसकट परत येतो. या धंद्यात सगळ्यांनी मिळून काही शब्द फार सोयीचे करून ठेवले आहेत. 'वयोमानानुसार झीज' म्हटले की निम्मी पापे धुतली जातात, आणि 'किरकोळ' या शब्दाखाली तर हत्ती लपवता येतो. मी हे दोन शब्द वापरत नसे, आणि आमच्या मालकांना ते खटकत असे.

मालक स्वतःच लिलाव पुकारतात, म्हणून मागे सगळे त्यांना 'हातोडा' म्हणतात आणि पुढे 'साहेब'. माझ्या आधी वर्णने लिहिणाऱ्याने एका शिरस्त्राणाला 'अखंड' असे लिहिले होते. ते अखंड नव्हते. आतून पत्रा जोडलेला निघाला. घेणाऱ्याने ते परत पाठवले आणि साऱ्या संग्राहकांत बोभाटा केला. तेव्हापासून यादी हातोड्याच्या नावाने निघत होती, लिहीत मी असले तरी. या मंडळीत नाव महत्त्वाचे असते. अमक्याने लिहिले आहे म्हणजे डोळे मिटून घ्या, असे ज्याच्याबद्दल बोलले जाते त्याला काम शोधत फिरावे लागत नाही. मला ते नाव हवे होते, आणि मी ते तोंडाने मागितले होते.

"ही टोपी पहिल्या पानावर जाणार," हातोडा म्हणाले. "हिचं वर्णन पक्कं उतरलं, तर यादी तुझ्या नावानं छापतो. कुणी एक बोट जरी ठेवलं, तर माझंच नाव बरं आहे. मला निदान शिव्या खायची सवय आहे."

टोपी आणणाऱ्या गृहस्थांचे दोन गल्ल्या सोडून औषधांचे दुकान होते. माणूस नीटनेटका, बोलताना समोरच्याला गोळी कधी घ्यायची ते समजावून सांगत असल्यासारखा बोले. टोपी त्यांच्या आजीच्या भावाची. तो घोडदळात अधिकारी होता आणि निवृत्तीनंतर ती एका पत्र्याच्या पेटीत ठेवून गेला होता.

"पेटीतून थेट तुमच्या टेबलावर," औषधवाले म्हणाले. "कुणी सुईसुद्धा लावलेली नाही. तसं लिहा."

"जे दिसेल ते लिहीन," मी म्हटले.

"तेच म्हणतोय मी."

टोपी खरोखर देखणी होती. गर्द निळ्या बनातीचा, म्हणजे घट्ट लोकरी कापडाचा, माथा, त्याच्या कडेने बारीक पांढरी मगजी, खाली किरमिजी पट्टी, पुढे काळ्या चामड्याचा छज्जा आणि पट्टीच्या मधोमध पितळी बिल्ला. छज्ज्याच्या वार्निशाला बारीक जाळीदार तडे गेले होते, जसे जावेत तसे. बिल्ल्याच्या उंचवट्यांवरचा मुलामा झिजून खालचा पिवळेपणा दिसत होता. हनुवटीचा पट्टा एका भोकाशी ताणलेला; म्हणजे घालणारा तेच एक भोक वापरत होता. आतल्या चामडी पट्टीवर कपाळाच्या बाजूला घामाचा काळा डाग होता. हे सगळे मी लिहून काढले. मग माथा भिंगाखाली घेतला आणि मगजीपासून मधल्या बिंदूपर्यंत गोल गोल फिरत गेले. कुठेही काही नव्हते. लव सारखी, वीण सारखी, रंग सारखा.

यानेच मी थबकले. चामडी पट्टीच्या मागे लोकरीच्या नमद्याची बारीक गादी होती आणि तिची एक कड कसरीने कुरतडलेली होती. जी कसर पेटीत शिरली, गादी खाऊन गेली, तिने हाताच्या अंतरावरची एवढी उत्तम बनात सोडून द्यावी? कसर इतकी शहाणी नसते.

मी चामडी पट्टी हलकेच उलटी केली. माथ्याचा कपडा जिथे पट्टीला शिवतात तिथे शिंप्याने आत थोडी माया सोडलेली असते. ती कधी कुणाला दिसत नाही. तिथल्या कडेला, मागच्या बाजूस, कपडा विरळ झाला होता. फाटल्याने किंवा घासल्याने होतो तसा तो विरळ नव्हता. एक धागा होता, पुढचा नव्हता. मग एक होता, पुढचा नव्हता. कुणीतरी तिथून धागे ओढून घेतले होते आणि कड उसवू नये म्हणून एकाआड एक शिल्लक ठेवले होते.

भिंग खाली ठेवून मी खुर्चीला टेकले. असे धागे काढणारी एकच व्यक्ती मला माहीत होती. सकाळी मी तिच्याच हातचा चहा पिऊन आले होते.

*

माझ्या सासूबाई रफूगार आहेत. खिडकीशी त्यांची बैठी खुर्ची आहे, आणि उजेड असेपर्यंत त्या तिथून उठत नाहीत. शहरातले दोन ड्रायक्लीनर त्यांच्याकडे वर्तमानपत्रात गुंडाळलेली गाठोडी पाठवतात: सिगारेटने जळालेले कोट, खिळ्यात अडकलेल्या शाली, उंदरांनी चाखलेले गालिचे. वस्तू कुणाची हे त्यांना ठाऊक नसते आणि जाणून घ्यायची इच्छाही नसते. मी कामाला गेल्यावर गाठोडी येतात आणि बहुतेक मी परतायच्या आत जातात. आमच्या घरात हे एक जुने भांडण-कम-विनोद होते, की एका छताखाली एक बाई भोके झाकते आणि दुसरी शोधते. माझा नवरा म्हणे, "मी आपला मधल्या अस्तरासारखा. दोन्हीकडून टोचतं."

त्या संध्याकाळी मी त्यांच्यासमोर मोडा ओढून बसले.

"आई, तुमच्याकडे मधे एक टोपी आली होती का? निळी बनात, पांढरी मगजी."

सुई चालूच राहिली. "माझ्याकडे कपडे येतात. डोकी येत नाहीत."

"टोपी म्हटलं मी."

"ऐकू येतं मला. अजून कानाला रफू केलेलं नाही."

"मायेतले एकाआड एक धागे काढलेले आहेत. बनातीतून असा धागा सबंध कोण काढणार दुसरं?"

त्या क्षणभर सुखावल्या असाव्यात, कारण त्यांनी चष्मा नाकावर वर सरकवला. बनात धुऊन, कुटून अशी घट्ट केलेली असते की तिच्यातून धागा काढणे म्हणजे शिजलेल्या पानातून शीर सोडवणे. पण सुखावलेपण तेवढ्यापुरतेच.

"हे बघ सूनबाई. माणूस डॉक्टरकडे जातो, तेव्हा डॉक्टर गल्लीभर सांगत फिरतो का ह्याला गळू कुठं झालंय ते? माझ्याकडे आलेलं भोक माझ्याकडे राहतं. झाकली मूठ. मी चाळीस वर्षं हेच विकलंय."

"आणि ते न सांगता टोपी विकली गेली, घेणाऱ्याला सापडलं, तर माझं नाव जाईल. आत्ता कुठे मिळायची वेळ आलीये."

"मग शोध."

"दिवसभर शोधलं. सापडत नाही."

"मग नसेल," त्या शांतपणे म्हणाल्या, आणि धागा दातांनी तोडला.

मला राग आला, हे खरे. त्यांनी एक शब्द सांगितला असता तर माझे काम झाले असते. पण त्या रागातही मला एवढे कळत होते की त्यांनी सांगितले असते तर मी जे लिहिले असते ते माझे राहिले नसते. मी पुन्हा विचारले नाही. त्या मात्र हातातल्या कोटाच्या बाहीकडे वळल्या. रफू झालेली जागा त्यांनी चष्म्यासमोर धरली नाही; बाही तोंडाशी नेली आणि खालच्या ओठावरून सावकाश ओढली, एकदा उभी, एकदा आडवी. हे मी वर्षानुवर्षे बघत आले होते आणि कधी पाहिले नव्हते. पन्नाशीनंतर बोटांच्या टोकांना सुईने घट्टे पडले, तेव्हापासून त्या आपले काम ओठाने तपासत.

*

दुसऱ्या दिवशी मी दार लोटून घेतले, खिडकीचा पडदा ओढला आणि दिवा टेबलाच्या पातळीवर इतका खाली आणला की उजेड टोपीच्या माथ्यावरून जमिनीलगतच्या वाऱ्यासारखा सरपटत जावा. तरी काही दिसले नाही. मग हातमोजे काढले, तोंड धुऊन कोरडे केले, टोपी दोन्ही हातांनी कडेने उचलली आणि माथा खालच्या ओठाला लावला.

बनात ओठाला मऊ, किंचित उबदार लागते. मी मगजीच्या आतल्या बाजूने सुरुवात केली आणि भिंगाने गेले होते तशीच गोल गोल गेले. मधे दोनदा थांबावे लागले, कारण ओठाची जाणीव लवकर बोथट होते. तिसऱ्या फेरीला दार उघडले.

"अरे देवा," हातोडा दारातच म्हणाले. "वर्णन लिहायला सांगितलं होतं. मुके घ्यायला नाही."

"साहेब, दार लावा."

"लग्न झालेल्या बाईनं घोडदळाच्या—"

"दार लावा आणि आत या, नाहीतर बाहेर थांबा. उजेड हलतो."

ते आत आले. मी पुन्हा ओठ टेकला. डाव्या बाजूला, मगजीपासून दोन बोटे आत, एका ठिकाणी मऊपणात जरा खंड पडला. खडबडीत नव्हते, कपडा तिथे नुसता थोडा ताठ होता, नुकतीच इस्त्री केलेल्या कॉलरसारखा. मी तिथे बोट ठेवले, टोपी दिव्यासमोर धरली आणि हळूहळू फिरवत गेले. एका विशिष्ट कोनात, आणि त्याच एका कोनात, करंगळीच्या नखाएवढा ठिपका आजूबाजूपेक्षा पुसटसा गडद दिसला. त्याच्या कडा कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हे सांगता येत नव्हते. कोन जरा बदलला की तो नाहीसा होई.

हातोड्यांनी स्वतःचे भिंग लावून पाहिले, मग चष्मा काढून, मग चष्मा लावून. "मला नाही दिसत."

"हात असा धरा. आता?"

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "अरे लबाडा." ते टोपीला म्हणाले की रफूगाराला, ते कळले नाही; पण स्वरात कौतुक होते.

त्या दुपारी मी लिहिले: 'माथ्यावर डाव्या बाजूस, मगजीपासून दोन बोटे आत, कसरीचे एक जुने भोक, त्याच टोपीच्या आतल्या मायेतील धाग्यांनी अलीकडे रफू केलेले. तिरप्या उजेडाखेरीज दिसत नाही. माथ्यावर अन्य दुरुस्ती नाही.' आणि दर्जाच्या जागी 'उत्तम' खोडून 'चांगला' लिहिले. उत्तम आणि चांगला यांच्यामध्ये संग्राहकांच्या दृष्टीने एक नदी असते.

*

वर्णन छापण्याआधी वस्तूच्या मालकाला दाखवायचे, असा आमचा रिवाज आहे. औषधवाले दुकान दुपारचे बंद करून आले. उभ्यानेच त्यांनी कागद वाचला आणि टेबलावर उलटा ठेवला.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"म्हणजे रफू आहे, हे खरं," हातोडा म्हणाले.

औषधवाल्यांचा चेहरा उतरला, पण ते मागे हटले नाहीत. "रफू म्हणजे काय दुरुस्ती झाली? ड्रायक्लीनरकडे दिली होती धूळ झाडायला. तो म्हणाला, एवढं भोक आहे, आमची एक बाई आहे, भरून देईल, ब्रह्मदेवालाही कळणार नाही. मी म्हटलं भर. कळतच नाही तर ते असून नसल्यासारखंच. आणि आता तुम्हाला बरोबर कळलं! म्हणजे ती बाई बोलली. दुसरं काय? थांबा, आजच जाऊन सांगतो त्याला, की असल्या तोंडाळ बाईला काम देऊ नकोस."

हातोड्यांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या सासूबाई काय करतात हे त्यांना ठाऊक होते. एकदा साहेबांची शालही आईंनीच जोडली होती. त्यांच्या नजरेत प्रश्न उभा राहिला होता. मी गप्प राहिले असते तर तो प्रश्न तसाच राहिला असता, माझ्याबद्दलही आणि आईंबद्दलही.

"ती बाई माझी सासू आहे," मी म्हटले.

"हां!" औषधवाले म्हणाले. "बघा साहेब. आपलेच दात, आपलेच ओठ."

"मी त्यांना विचारलं होतं. तेही लपवत नाही. त्यांनी सांगितलं नाही. एक अक्षर नाही. आई ती टोपी आपल्याकडे आली होती हेसुद्धा कबूल करत नाहीत, आणि मला नाही वाटत कधी करतील. मला कसं कळलं ते दाखवते. बसा."

"मला दुकान उघडायचंय."

"मग बसाच. लवकर होईल."

ते बसले. मी पडदा ओढला, दिवा खाली आणला आणि ठिपका त्यांना दाखवला. त्यांना तो दिसायला हातोड्यांपेक्षाही जास्त वेळ लागला.  मग मी चामडी पट्टी उलटी करून त्यांना मायेची कड दाखवली: हा धागा आहे, हा नाही, हा आहे, हा नाही. इथून ते निघाले आणि तिथे भरले गेले. शंका मला इथे आली. बाकीचे मी शोधले.

हे समजावताना मी बोट त्या विरळ कडेवरून फिरवत होते, जेणेकरून त्यांना तिची सुरुवात आणि शेवट दिसावा. आणि बोट फिरवता फिरवताच माझे बोलणे अडखळले. कड लांब होती. माझी चार बोटे टेकूनही ती थोडी उरत होती. नखाएवढे भोक भरायला आईंना किती माया लागते, हे मी हजारदा पाहिले होते; दोन बोटांपेक्षा जास्त कधीच नाही. त्या धाग्याची उधळपट्टी करणाऱ्या नव्हेत. उरलेला धागा त्या डबीत ठेवत नाहीत, कारण त्या उरवतच नाहीत.

"काय झालं?" हातोडा म्हणाले.

समोर औषधवाले होते, त्यांच्या हाताशी माझा कागद होता आणि त्यावर माझ्या अक्षरात लिहिले होते: अन्य दुरुस्ती नाही.

"मी लिहिलेलं चुकलंय," मी म्हटले. "एक नाही. आणखी आहे."

"काय आणखी?" औषधवाले ताडकन उठले. "एकच भोक होतं! मी माझ्या हातानं दिली टोपी. मला माहीत नाही का?"

"तुम्हाला दिसलेलं एक होतं. धागे दोन भोकांना पुरतील एवढे गेलेत."

"अगं, पण तू माथा पूर्ण बघितलास," हातोडा हळू आवाजात म्हणाले. त्या आवाजात मला एक वाट काढून दिली जात होती. "एवढं काटेकोर कोण बघतंय? आहे ते एक लिहू. 'किरकोळ' म्हणू. सगळे सुखी."

"माथा बघितला. जिथे ओठ पोचतो तिथवर." मी टोपी सरळ केली. माथ्याची बनात पुढच्या बाजूला पट्टीवर थोडी उतरली होती आणि तिच्यावर बिल्ल्याचा वरचा भाग बसला होता. "बिल्ल्याखाली नाही बघितलं. बिल्ला मालकाच्या परवानगीशिवाय काढत नाहीत. मला काढू द्या."

औषधवाल्यांनी हातोड्यांकडे पाहिले. हातोड्यांनी खांदे उडवले. "तुमची टोपी."

"वाकला तर?"

"वाकला तर तेही मी लिहीन," मी म्हटले.

नाइलाजाने का होईना, त्यांना हसू आले. "काढा."

बिल्ला आतून दोन पितळी कड्यांत अडकवलेल्या पिनेवर होता. पीन सरळ होती आणि अलीकडेच कुणीतरी ती काढून नीट परत बसवली होती. तिच्या टोकावरचा काळपटपणा एका जागी घासलेला होता. हे मी आधीही पाहायला हवे होते. मी पीन सरकवली आणि बिल्ला पुढून उचलला. त्याच्याखाली कपड्याचा मूळ रंग होता, आजूबाजूपेक्षा कितीतरी ताजा. मी ओठ टेकला. या वेळी फिरत बसावे लागले नाही. पहिल्यापेक्षा मोठा, लांबट ताठपणा होता. तिरप्या उजेडात तो वाटाण्याच्या शेंगेसारखा उमटला आणि मिटला.

 औषधवाल्यांनी स्वतःहून टोपी हातात घेतली, दिव्यासमोर फिरवली, आणि बऱ्याच वेळाने त्यांनाही दिसले.

"इथं?" ते म्हणाले. "पण इथं कुणाला दिसणार होतं? बिल्ला काढतो कोण?"

"कसर बिल्ल्याखालून पुढे सरकली असती," मी म्हटले. "कड भरली नाही तर भोक वाढतं. त्यांना ते धागे काढताना दिसलं असेल. दिसलं म्हणून भरलं."

"आणि मला सांगितलं नाही. जादा काही घेतलंही नाही." ते पुन्हा खुर्चीवर बसले. राग अजून होता, पण तो कुणावर ठेवावा हे त्यांना सुचत नव्हते. "ती बोलली असती, तर तुम्ही कागदावर दोन लिहिली असती. एक नाही."

"हो."

"मी ड्रायक्लीनरकडे काही बोलत नाही."

"नका बोलू."

"पण टोपी घेऊन जातो मी. दोन दोन रफू घालून कोण घेणार?"

हातोड्यांनी टेबलावर बोटे वाजवली. पहिले पान रिकामे पडणार होते. त्यांनी माझ्याकडे ज्या अर्थाने पाहिले तो मला समजला: काहीतरी गोड बोल. मी बोलले नाही. दर्जा 'चांगला'च राहील, एवढे सांगितले; दोन्ही दुरुस्त्या लिहिल्या जातील, जागेसह, आकारासह. आणि घेणारा कोण असेल ते मला ठाऊक नाही, पण टोपी हातात आल्यावर तो बिल्ला काढील हे नक्की, कारण ते सगळे काढतात.

"सगळे?"

"पहिल्याच दिवशी."

औषधवाल्यांनी टोपी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे मला ठाऊक नसलेलं भोक एखाद्या परक्या माणसाला सापडलं असतं, आणि खोटारडा मी ठरलो असतो." त्यांनी उलटा कागद सरळ केला आणि माझ्याकडे सरकवला. "लिहा. सुईसुद्धा लावलेली नाही असं मी सांगत होतो, ते खोडा."

"ते मी लिहिलंच नव्हतं."

"मग बरंय," ते म्हणाले, आणि दुकान उघडायला गेले.

दार लागल्यावर हातोडा म्हणाले, "तू आज माझ्यासमोर, टोपीच्या मालकासमोर, स्वतःचं लिहिलेलं चुकीचं ठरवलंस. आता सांग, यादी कुणाच्या नावानं काढू?"

"माझ्या."

"एक चुकल्यावर?"

"चुकलेलं छापण्याआधी मीच काढलं. तुमच्या नावाखाली ते तसंच गेलं असतं. साहेब, तीन वर्षं मी बघते आणि सही तुमची असते. जे मी बघितलं त्याखाली माझं नाव हवं. नाहीतर पुढची वस्तू तुम्ही ओठाला लावा."

ते मोठ्याने हसले. मग कपाटातून यादीचा कच्चा कागद काढून त्यांनी खालची स्वतःची ओळ एका रेघेत खोडली. "चूक परत आली, तर ती तुझ्या दारात येईल. माझ्या नाही."

"येऊ दे," मी म्हटले, आणि बिल्ला परत बसवायला घेतला.

*

घरी आले तेव्हा खिडकीत अजून उजेड होता. सासूबाईंच्या मांडीवर तोच कोट होता. बाही पूर्ण झाली होती आणि त्या तिच्यावरून ओल्या फडक्याचा बोळा फिरवत होत्या. मी मोडा ओढला.

"दोन होती," मी म्हटले.

त्यांनी वर पाहिले नाही. मी पुढे काही विचारले नाही, आणि त्याही काही कबूल करणार नव्हत्या. ड्रायक्लीनरकडून काम बंद होणार नाही, एवढे मी सांगितले. त्यावर त्यांनी, "का होईल? कुणी काय केलंय?" असे म्हणून बोळा वाटीत पिळला.

थोड्या वेळाने मात्र त्यांचा हात थांबला.

"काहीतरी सापडलं म्हणतेस, ते डोळ्यांना सापडलं?"

"आधी ओठाला."

"ओठाला काय लागलं?"

"जरा ताठ. इस्त्रीच्या कॉलरसारखं."

"मधे की कडेला?"

"कडेला. मधे नाही. जिथे नवा धागा जुन्यात शिरतो तिथे."

 कोटाची बाही त्यांनी उचलली, खालच्या ओठावरून उभी ओढली, मग आडवी, मग पुन्हा उभी. माझा चेहरा कसा दिसतो आहे याकडे त्यांचे लक्ष नव्हते. बाही मांडीवर ठेवून त्यांनी छोटी कात्री घेतली आणि दिवसभर भरलेली जागा कडेपासून एकेक टाका उसवायला सुरुवात केली.

"आई, ते चांगलं झालं होतं."

"चांगलं," त्या म्हणाल्या, "म्हणजे उत्तम नव्हे. दिवा लाव. आणि इकडे सरक, तुझी सावली पडतेय."